कुणी बदललं ते सांगणारी ओळ: टॉवेल कारखान्यात ऑडिट लॉग चालू करताना

२०२३ च्या दिवाळीआधी आमच्या कारखान्यात पगार वाटताना एका क्वालिटीच्या टॉवेलला डझनाचा जुनाच दर लागला. सोलापुरातला टेरी टॉवेलचा कारखाना, मागावरच्या कामगारांचा पगार डझनावर. ज्यांनी त्या महिन्यात नेमकी तीच क्वालिटी विणली होती त्यांच्या पाकिटात पैसे कमी आले, तेही वसुबारसेच्या आदल्या दिवशी. मंडळी थेट ऑफिसच्या दारात. मालकांनी फरक त्याच संध्याकाळी रोखीने दिला, त्यामुळे कामगारांचं नुकसान झालं नाही. पण दर कुणी बदलला हे कळायचं राहिलंच. दर भरायचं काम अक्कांचं, म्हणून सगळ्यांची बोटं अक्कांकडे वळली.

अक्का आमच्या पगार विभागात. पूर्व भागातल्या, घरी तेलुगू, ऑफिसात मराठी, बावीस वर्षांची नोकरी. "मी हात लावला नाही गं त्याला," एवढंच त्या म्हणत राहिल्या. सॉफ्टवेअरमधल्या नोंदीत त्या दराचा शेवटचा बदल जूनमधला दिसत होता. म्हणजे बदल स्क्रीनवरून झालाच नव्हता, कुणीतरी थेट डेटाबेसमध्ये शिरून केला होता. पण अक्कांच्या कॉम्प्युटरवरही रिपोर्ट काढण्यासाठी हायडीएसक्यूएल हे डेटाबेस थेट उघडणारं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं, त्यात रूटचा, म्हणजे सगळे हक्क असलेल्या युजरचा, पासवर्ड साठवलेला. तोच पासवर्ड आणखी चार ठिकाणी होता. त्यातलं एक ठिकाण माझं, सर्व्हर मीच सांभाळते. त्याच आठवड्यात जुन्या बॅकअपमधून काही टेबलं परत आणायचं काम मी केलं होतं. दरांचं टेबल त्यात होतं की नव्हतं, हे मला छातीठोकपणे सांगता येईना. आजही येत नाही. अक्कांना दरांच्या कामावरून काढून गेटपासच्या टेबलावर बसवलं, आणि मी गप्प राहिले.

हे आधी सांगते, कारण ऑडिट लॉग, म्हणजे डेटाबेसमध्ये कुणी कधी काय केलं याची नोंदवही, म्हटलं की लोकांना चोर पकडायचं यंत्र वाटतं. माझ्या डोळ्यांसमोर ते काम करताना सतत गेटपासचं टेबल होतं.

निमित्त मात्र सीए मॅडमचं झालं. आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर असं वापरावं लागतं की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. ऑडिटरलाही त्याबद्दल अहवालात लिहावं लागतं. २०२४ च्या जुलैत मॅडम ऑडिटला आल्या तेव्हा मी त्यांना सॉफ्टवेअरमधली बदलांची नोंद मोठ्या उत्साहाने दाखवली. त्यांनी शांतपणे पाहिली आणि विचारलं, "हे पुढच्या दाराचं झालं. मागच्या दाराने कुणी आलं तर?" मागचं दार म्हणजे थेट डेटाबेस. मी दिवाळीचा प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला तर हे माझ्याआधी सुचायला हवं होतं." बरोबर होतं त्यांचं.

आमचा डेटाबेस मारियाडीबी १०.६, उबुंटू लिनक्सवर. मायएसक्यूएल लिहिणाऱ्या मायकेल विडेनियस यांनीच २००९ मध्ये त्यातून ही वेगळी शाखा काढली. एका मुलीचं नाव माय, धाकटीचं मारिया, अशी दोन्ही डेटाबेसची नावं त्यांच्या घरातली. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की ऑडिटचं प्लगइन, म्हणजे लॉग लिहिणारा जोडभाग, मारियाडीबीसोबत फुकट येतं. मायएसक्यूएलच्या कम्युनिटी आवृत्तीत तसं येत नाही, तिथे ते पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे.

आधी मी जनरल लॉग करून पाहिला, टेस्टच्या मशीनवर. तो आलेली प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, लिहितो, पण ती यशस्वी झाली की फसली हे सांगत नाही. युजरचं नाव फक्त जोडणी झाल्याच्या ओळीवर असतं, पुढच्या ओळींवर नुसता जोडणीचा नंबर. शेकडो ओळी मागे जाऊन तो नंबर कुणाचा ते शोधत बसायचं. ऑडिट प्लगइनची ओळ याउलट स्वतःपुरती पूर्ण असते: वेळ, सर्व्हर, युजर, कुठल्या मशीनवरून, जोडणीचा नंबर, क्वेरीचा नंबर, काय केलं, कुठल्या डेटाबेसमध्ये, प्रत्यक्ष क्वेरी, आणि शेवटी एक आकडा. तो शून्य असला तर काम झालं, १०४५ असला तर दारातूनच परत पाठवलं.

युजर हा रकाना बघूनच माझ्या लक्षात आलं की लॉग चालू करणं हे शेवटचं काम आहे. पाच जण एकाच रूटने आत येत असतील तर प्रत्येक ओळीवर 'रूट' एवढंच उमटणार. सगळे कामगार एकाच माणसाच्या नावाने हजेरी लावतात तसं ते. म्हणून आधी माणसं वेगळी करायची.

यातच तीन आठवडे गेले. कोण कुठून आत येतं याची यादी मला वाटली होती पाचाची, निघाली त्याहून मोठी. स्टोअरच्या इन्चार्जकडे सुताच्या साठ्याची एक एक्सेल फाइल, ती थेट डेटाबेसला जोडलेली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बाहेरगावाहून रूटनेच यायचा. माझ्या हाताखालचा पोरगा रात्रीचा बॅकअप रूटने घ्यायचा. आणि खुद्द सॉफ्टवेअरही रूटनेच चालत होतं. प्रत्येकाशी बोलताना मला एकच वाक्य ऐकायला मिळालं, "आमच्यावर विश्वास नाही का?" स्टोअरचे काका तर दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी मी त्यांना म्हटलं, "काका, उद्या साठा चुकला तर तुम्ही काय दाखवणार? आज तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही." त्यांना दिवाळी आठवली असावी. दुसऱ्या दिवशी स्वतःहून एक्सेलची फाइल घेऊन आले.

शेवटी असं ठरलं. प्रत्येक माणसाला स्वतःच्या नावाचा युजर, ज्याला फक्त वाचायचं त्याला फक्त वाचायचे हक्क. सॉफ्टवेअरला वेगळा युजर, आणि तो फक्त सॉफ्टवेअरच्या मशीनवरूनच आत येऊ शकेल असा बांधलेला. बॅकअपला वेगळा. बाहेरच्या कंपनीच्या माणसाला वेगळा, एरवी कुलूपबंद, गरज पडली की उघडायचा. रूटला फक्त सर्व्हरवर लॉगिन करूनच जाता येईल, नेटवर्कवरून नाही.

१२ ऑगस्टच्या रात्री, पाळी बदलताना, प्लगइन चालू केलं. मारियाडीबीत यासाठी डेटाबेस बंद करावा लागत नाही. 'इन्स्टॉल सोनेम' म्हणून प्लगइनचं नाव दिलं की ते चालत्या सर्व्हरवर बसतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना त्याच्या पीजीऑडिट या ऑडिटच्या जोडभागासाठी एकदा तरी रीस्टार्ट द्यावा लागतो. आमच्याकडे रात्रपाळीतही मालाच्या नोंदी चालू असतात, म्हणून ही सोय फार मोलाची वाटली. प्लगइन बसलं, पण लॉग चालू होईना. मी फाइलसाठी वेगळा फोल्डर केला होता आणि तो रूटच्या मालकीचा राहिला होता, डेटाबेस ज्या युजरने चालतो त्याला तिथे लिहिता येत नव्हतं. गंमत नाही ही, धोका आहे, कारण डेटाबेस न थांबता चालूच राहतो. 'सर्व्हर_ऑडिट_ॲक्टिव्ह' हे स्टेटस पाहिलं, ते ऑफ दिसलं, तेव्हा कळलं. मालकी बदलली, पुन्हा चालू केलं, पहिली ओळ उमटली. माझीच होती.

सकाळी साडेनऊला येऊन फाइल उघडली तर तिच्यात सकाळच्याच ओळी. रात्रीचं सगळं गेलेलं. प्लगइन मुळात दहा लाख बाइट भरले की नवी फाइल सुरू करतं आणि जुन्या नऊच ठेवतं. आमच्याकडे प्रत्येक क्वेरी लिहिली जात होती, त्यात सॉफ्टवेअरच्या रिपोर्टांचे सिलेक्ट, म्हणजे नुसतं वाचायचे हुकूम, धरून. एवढ्या जागेत काही तासांचाच इतिहास मावत होता, बाकी पुसला जाऊन त्यावर नवं लिहिलं जात होतं. लॉग आहे म्हणून निर्धास्त राहिले असते आणि महिन्याने गरज पडली असती तर हातात शेवटच्या काही तासांचा कागद आला असता. मग मी फाइलचा आकार आणि संख्या दोन्ही वाढवली, आणि काय लिहायचं हे निवडलं. कोण आत आलं आणि गेलं. टेबलाची रचना कुणी बदलली. हक्क कुणी दिले, कुणी काढले. आणि सिलेक्ट सोडून बाकीचे डेटा बदलणारे सगळे हुकूम. वाचणाऱ्यांची नोंदही ठेवावी असं काहींचं मत असतं. बँकेत किंवा दवाखान्यात मीही ठेवेन. आमच्याकडे प्रश्न बदलाचा होता.

सॉफ्टवेअरच्या युजरला मी लॉगमधून वगळलं, कारण त्याच्या बदलांची नोंद सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं, तीही माणसाच्या नावासह. डेटाबेसला तर पडद्यामागचा माणूस दिसतच नाही, त्याला सॉफ्टवेअरचा एकच युजर दिसतो. पण मग कुणी सॉफ्टवेअरचा पासवर्ड वापरून आपल्या टेबलावरून आत आलं तर? तो लॉगमधून वगळलेला, म्हणजे अदृश्य. यावर दोन दिवस डोकं खपवलं. दिलासा असा की वगळलेल्या युजरच्या क्वेरी लिहिल्या जात नसल्या तरी त्याचं येणं-जाणं लिहिलं जातंच, कुठल्या मशीनवरून आला त्यासह. आणि आपण त्याला एकाच मशीनला बांधल्यामुळे दुसरीकडून प्रयत्न केला की १०४५ ची ओळ पडते. पहिल्याच आठवड्यात अशा फसलेल्या जोडण्यांच्या ओळींची रांग लागली. युजर रूट, दर पाच मिनिटांनी, स्टोअरच्या कॉम्प्युटरवरून. छातीत धस्स झालं. ती काकांची जुनी एक्सेल होती. तिची एक प्रत डेस्कटॉपवर उघडी राहिलेली, जुना पासवर्ड घेऊन दर पाच मिनिटांनी दार ठोठावत होती.

आता सप्टेंबरची गोष्ट, जी मी विसरू शकत नाही. सुताच्या साठ्यात वीस नंबरच्या काउंटच्या काही गोण्या थेट डेटाबेसमधून कमी केलेल्या आढळल्या. लॉगमध्ये ओळ सापडली, युजर स्टोअरचा, वेळ ११:४०. काका त्या दिवशी अकरा ते एक बँकेत होते, सगळ्यांना माहीत. टेबलावर होता तो हेल्पर पोरगा. त्याला वर बोलावलं. तो समोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, तोंडातून शब्द फुटेना. मालक काही बोलणार इतक्यात माझी नजर त्याच दिवसाच्या माझ्या ओळीवर गेली. मी पहाटे चार वाजता आत आल्याचं त्यात लिहिलं होतं. पहाटे चारला मी घरी झोपलेली होते, ऑफिसात साडेनऊला आले होते. साडेपाच तास. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, होतं आणि प्लगइन सर्व्हरचीच वेळ लिहितं. ११:४० म्हणजे आपले पाच वाजून दहा मिनिटं. पाच वाजता काका परत आलेले होते, गोण्या मोजून त्यांनीच आकडा दुरुस्त केला होता आणि सांगायचं विसरले होते. दुरुस्तीही योग्यच होती.

पोराची मी त्याच जागी, सगळ्यांसमोर माफी मागितली. लॉग हातात होता, खरा होता, आणि तरी त्याच्या जोरावर आम्ही आणखी एका निर्दोष माणसाला गेटपासच्या टेबलाकडे ढकलत होतो. सर्व्हरचं घड्याळ बदलता आलं नाही, सॉफ्टवेअरच्या तारखांचं गणित त्यावर बेतलेलं आहे. म्हणून मी लॉग वाचायची छोटी स्क्रिप्ट लिहिली, ती प्रत्येक ओळीपुढे भारतीय वेळ छापते. आणि नियम केला की कच्ची फाइल उघडून कुणाला जाब विचारायचा नाही.

क्वेरीची लांबीही अशीच पाहून घ्या. मुळात १०२४ बाइट एवढीच लिहिली जाते, पुढचं कापलं जातं. लांबलचक यादी दिलेल्या अपडेटचा शेपटीचा भाग, म्हणजे नेमकी कुठली माणसं, तोच जातो. मी मर्यादा वाढवली.

सगळ्यात अवघड भाग होता माझा स्वतःचा. मला लॉग बंद करता येत होता, फाइल पुसता येत होती. प्लगइन काढताच येऊ नये अशी एक सोय आहे, 'फोर्स प्लस पर्मनंट' नावाची, ती मी कॉन्फिगमध्ये, म्हणजे डेटाबेस सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहिली. पण प्लगइन जागेवर ठेवूनही सुपर हक्क असलेला माणूस लिहिणं थांबवू शकतो. बाकी सगळ्यांवर नजर आणि जिच्या हाती किल्ल्या तिच्यावर नाही, असा लॉग मला नको होता. मालकांना म्हटलं, याची एक प्रत माझा हात पोचणार नाही अशा ठिकाणी हवी. त्यांना आधी समजेना. "तुझ्यावर कोण संशय घेतंय?" मी म्हटलं, "दिवाळीच्या वेळी घ्यायला हवा होता तुम्ही." त्या दिवशी बॅकअपची गोष्ट त्यांना पहिल्यांदा सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता त्यांच्या केबिनमध्ये एक जुना डेस्कटॉप आहे. सर्व्हरवरचं आरसिसलॉग हे लॉग पुढे पाठवणारं सॉफ्टवेअर ऑडिटच्या फाइलमध्ये आलेली प्रत्येक ओळ लगेच तिकडे पाठवतं. त्या डेस्कटॉपचा पासवर्ड एक्सपोर्टची कागदपत्रं बघणाऱ्या त्यांच्या सुनबाईंकडे आहे, माझ्याकडे नाही. इकडची फाइल मी पुसली तरी तिकडची राहते. हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, म्हणून महिन्याच्या फाइली आवळून हार्डडिस्कवर जातात. त्या फाइलींत पगाराचे आकडे आणि बँक खात्यांचे नंबर क्वेरीच्या पोटात आलेले असतात, तेव्हा डिस्क कपाटात आणि कपाटाला कुलूप.

ऑक्टोबरात परतीच्या पावसाने एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. यूपीएस संपला, सर्व्हर बसला, सकाळी उठला. तिसऱ्या दिवशी सुनबाईंनी विचारलं, "दोन दिवस काही ओळीच नाहीत, सुट्टी होती का?" पहिल्या रात्री मी लॉग चालू करायचा हुकूम थेट सर्व्हरला दिला होता. कॉन्फिग फाइलमध्ये बाकी सगळं लिहिलं, तेवढी चालू करायची ओळ राहिली. रीस्टार्टनंतर प्लगइन हजर, सगळ्या मर्यादा जागच्या जागी, आणि लिहिणं बंद, कारण मुळात ते बंदच असतं. ओळ घातली. रोज सकाळी स्टेटस तपासून माझ्या आणि सुनबाईंच्या फोनवर निरोप पाठवणारी स्क्रिप्टही लावली. त्या दिवसांचं भोक मात्र भरून निघत नाही. सीए मॅडमना मी तारखांसह लिहून कळवलं.

डिसेंबरात मालकांनी अक्कांना पुन्हा दरांच्या टेबलावर बसवलं. मी मागणी केली होती, पण निर्णय त्यांचा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी पार करून अक्का एके दिवशी उशिरा आल्या, पदराखाली शेंगाचटणीचा डबा. तो माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "माझी ओळ दाखव की गं."

त्यांना आता स्वतःचा युजर आहे, फक्त वाचायचा. मी स्क्रिप्ट चालवली. त्यांचं नाव, त्यांच्या कॉम्प्युटरचा पत्ता, सकाळी आल्याची वेळ, गेल्याची वेळ. मध्ये काही नाही, कारण वाचलेलं आम्ही लिहीतच नाही. त्यांनी चष्मा पुसून ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू वाचलं.

"म्हणजे मी बदललं नाही, तर बदललं असं यात येणार नाही."

"नाही येणार."

"दिवाळीचं हाय का यात?"

"नाही अक्का. तेव्हा चालूच नव्हतं. बारा ऑगस्टपासूनचं आहे."

त्यांनी मान हलवली. डब्याचं झाकण नीट बसलंय का पाहिलं, "चटणी लवकर संपव, दमट होईल," म्हणाल्या आणि त्या महिन्याचे दर पडताळायला गेल्या.